आबांच्या रानातली हरळी

माझे सासरे दोह्यात दहा महिने राहिले आणि त्या दहा महिन्यांत त्यांनी आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. मला गावाकडं सोडा. ती आम्ही दिली नाही, आणि त्यात माझा हात मोठा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःची कितीही बाजू घेतली तरी वाचणाऱ्याची फसगत व्हायला नको.

त्यांना सगळे आबा म्हणत. वय नेमकं कुणालाच माहीत नव्हतं. पासपोर्टावरची जन्मतारीख शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली. ऐंशीच्या पुढे होते एवढं नक्की. सासूबाई त्याआधीच्या पावसाळ्यात गेल्या होत्या, आबा गावच्या घरात एकटेच भाकरी थापून खात होते, म्हणून माझ्या नवऱ्याने आणि मोठ्या दिरांनी फोनवर ठरवलं की थंडीचे तीन महिने आबांनी आमच्याकडे काढावेत. आबांना कुणी विचारलं नाही. ज्वारी पोटरीत आलेली, कणीस बाहेर पडायच्या बेतात असताना शेतकऱ्याला विमानात बसवायचं, यात नाशिक शहरात वाढलेल्या मला काही वावगं वाटलं नाही. डिसेंबरात आबा आले. अंगात गरम बंडी, डोक्याला पटका आणि खिशात तंबाखूची पुडी, ती विमानतळावरच नवऱ्याने काढून घेतली. बापलेकांचं पहिलं भांडण गाडीत बसायच्या आधीच झालं.

आम्ही शहरातल्या मदिनत खलीफा भागात राहत होतो. एका मोठ्या व्हिलाचे मालकाने पाच तुकडे करून भाड्याने दिले होते, त्यातला मागचा आमचा. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागच्या दाराशी चार पावलांची रेतीची पट्टी. या पट्टीत मेथी लावा, वेळ जाईल, असं मी आबांना सुचवलं. त्यांनी मूठभर रेती उचलली, बोटांतून सोडली आणि हात धोतराला पुसले. एवढंच उत्तर.

त्यांचं गाव मंगळवेढ्याकडचं. तिकडचं शिवार मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला धडकीच भरली होती. काळीभोर सपाट जमीन, नजर जाईल तिथवर. झाड नाही, टेकडी नाही, नदी नाही. नाशिकच्या माणसाला डोंगर दिसला नाही की चुकल्याचुकल्यासारखं होतं. आबांना मात्र डोंगर म्हणजे वाया गेलेली जमीन वाटायची. त्या काळ्या रानात ज्वारी भादव्यात पेरायची आणि माघ-फाल्गुनात काढायची, एवढंच त्यांचं सगळं आयुष्य, आणि त्या आयुष्याला वैरी एकच होता. हरळी.

हरळी म्हणजे आपण गणपतीला वाहतो त्याच दूर्वा. वरून कोवळ्या, लडिवाळ दिसतात. काळ्या जमिनीत त्यांची मुळं कमरेइतकी खोल जातात आणि बोटभर तुकडा मागे राहिला तरी पुन्हा फुटतात. आबांच्या वडिलांना ती तीस एकर जमीन मिळाली तीच मुळी हरळीने गच्च भरलेली होती म्हणून. दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. आठ बैलांचा लोखंडी नांगर लावून त्यांनी ती फोडली. आबा तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील. नांगरामागे चालत मुळ्या वेचायच्या, पाटीत भरायच्या, बांधावर नेऊन वाळवून जाळायच्या, आणि नांगराला चुकलेलं कुदळीने खणायचं. दर उन्हाळ्यात हेच. रान साफ व्हायला चौदा उन्हाळे लागले, असं आबा सांगायचे. त्यांची पाठ तेव्हापासूनच वाकली असावी, कारण लग्नाच्या फोटोतही ते पुढे झुकलेलेच दिसतात.

सासूबाई लग्न होऊन आल्या त्या वैशाखातच. अंगाची हळद निघाली नव्हती तेव्हा डोक्यावर पाटी आली. पहिलं मूल सातव्या महिन्यात रानातच झालं आणि राहिलं नाही. ते बांधाच्या कडेला पुरलं. हे आबांनी मला एका सकाळी कणीक मळताना सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. मग दुसऱ्या दिवशी काय केलंत, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दुसऱ्या दिशी म्या एकलाच गेलो रानात. तिला चार दिस घरी ठिवली." आपण बायकोचे लाड केले असंच त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. मला राग आला. पण ऐंशी वर्षांच्या माणसावर साठ वर्षांपूर्वीच्या गोष्टीसाठी काय रागवायचं, म्हणून मी कणकेवर राग काढला.

पुढे दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. बहात्तरच्या दुष्काळात बैल गेले, नवराबायको दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. तिथून परतताना आबा रानाला वळसा घालून येत, पीक नव्हतं तरीही. कारण दुष्काळात ज्वारी मरते, हरळी मरत नाही. नंतरच्या सगळ्या वर्षांत त्यांच्या तीस एकरांत हरळीची काडी दिसली नाही. गणपतीत घरच्या बायकांना दूर्वा आणायला दुसऱ्याच्या बांधावर जावं लागे आणि आबा ही गोष्ट पाहुण्यारावळ्यांना कौतुकाने सांगत. सासूबाई म्हणायच्या की यांना देवापुढे सुद्धा शेखी मिरवायची असते.

आणि अशा माणसाचा धाकटा मुलगा कतारमध्ये गवत पिकवत होता. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून तीन वर्षं होती. स्टेडियमं उभी राहत होती आणि त्यात अंथरायचं गवत शहराबाहेर, उत्तरेच्या बाजूला वाळवंटात एका मोठ्या रोपवाटिकेत वाढत होतं. माझा नवरा तिथे पाण्याचं बघायचा. शेतकी शिकलेला माणूस. शेत सोडून सगळं केलं त्याने.

जानेवारीत एका शुक्रवारी तो आबांना तिथे घेऊन गेला. मी आणि आमची शाळकरी मुलगीही गेलो. वाळूच्या मधोमध हिरवे चौकोन, इतके सारखे की खोटे वाटावेत. आबांनी वहाणा काढल्या. आत गेले, उकिडवे बसले, एक धागा ओढून वर काढला आणि त्याची पेरं नखाने मोजल्यासारखी पाहिली. मग मुलाकडे बघून म्हणाले, "ही हरळीच की रं." नवरा घाईघाईने सांगू लागला की ही अमेरिकेत संकर करून काढलेली जात आहे, खारं पाणी सोसते, तुडवली तरी उठते. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् तू पानी घालतूस हिला?"

मी हसले. नवराही हसला. आबा हसले नाहीत. पलीकडे दहाबारा नेपाळी आणि बिहारी कामगार ओळीने बसून गवतातलं तण वेचत होते. आबा त्यांच्या ओळीत जाऊन बसले आणि आम्ही हाका मारेपर्यंत तण काढत राहिले. परतताना गाडीत एकच वाक्य बोलले, की पोरानं रान नीट ठेवलंय. नवऱ्याला बापाकडून मिळालेली तेवढीच शाबासकी. त्यावर त्याचे पुढचे चार दिवस चांगले गेले.

आबांचं परतीचं तिकीट मार्चमधलं होतं. ज्वारी काढायच्या आत पोचायचं असा त्यांचा हिशेब. त्याच मार्चमध्ये कोरोना आला आणि विमानं बंद झाली. मुलीची शाळा पडद्यावर आली, दुकानं बंद झाली, पण गवत काही थांबत नाही, त्यामुळे नवरा पास काढून रोज कामावर जात राहिला. घरात मी, मुलगी आणि आबा. तिकडे गावी मोठ्या दिरांनी माणसं लावून ज्वारी काढून घेतली. दिरांचं सोलापुरात दुकान आणि दोन खोल्यांचं घर होतं, गावात ते लागेल तसे जात. आबा फोनवर त्यांना विचारत, उन्हाळ्याची नांगरट केली का, बांधाकडची हरळी बघितली का. दीर म्हणत, सगळं ठीक आहे. आम्हीही आबांना तेच सांगत होतो.

दूतावासाने अडकलेल्या लोकांची यादी सुरू केली. खास विमानं सुटणार होती, म्हातारी माणसं आणि गरोदर बायका आधी. आम्ही आबांचं नाव घातलं. तेव्हापासून ते रोज सकाळी चहा पिताना विचारायचे, नंबर लागला का? दुपारी जेवताना विचारायचे. मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची, नॉट येट आबा, आणि तेवढं इंग्रजी ते शिकले.

खरं सांगायचं तर ते जावेत असं मला मनापासून वाटत होतं. चांगली सून असल्याचा आव आणण्यात आता अर्थ नाही. दिवसभर बारक्या घरात एक म्हातारा माणूस, खाकरणं, बेसिनमध्ये चूळ टाकणं, पंखा बंद कर, एसी बंद कर, भाजीत तेल जास्त झालं. मुलीचा वर्ग चालू असताना हे कॅमेऱ्यासमोरून धोतर आवरत जायचे. मी त्यांच्याशी तुटक बोलायचे. वाईट नाही, पण तुटक.

जूनमध्ये सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. हिंदी बोलणारा माणूस होता. बाबूजींना परवाच्या विमानात जागा मिळते आहे, तासाभरात सांगा. मी नवऱ्याला कामावर फोन लावला. मला वाटलं तो आनंदाने उडी मारेल. तो म्हणाला की दोनच दिवसांपूर्वी त्याचं मोठ्या भावाशी बोलणं झालंय. भाऊ म्हणतो, आत्ता आबांना पाठवू नका. सोलापुरात साथ वाढली आहे, माझं घर लहान आहे, गावात त्यांच्याजवळ राहणारं कुणी नाही, पोचल्यावर चौदा दिवस कुठे ठेवायचं तेही कळत नाही. नवरा म्हणाला, या वेळेस नको म्हण, पुढच्या वेळेस बघू.

मी भांडायला हवं होतं. मला तर ते जायलाच हवे होते, माझा स्वार्थ आणि आबांची इच्छा एकाच बाजूला होती. पण दिरांनी नको म्हटलं, नवऱ्याने नको म्हटलं, आणि उद्या वाटेत त्यांना काही झालं तर खापर माझ्या डोक्यावर फुटेल अशी मला भीती वाटली. त्या माणसाचा पुन्हा फोन आला. आबा दाराजवळच्या दिवाणावर बसून गवारी मोडत होते. मी हिंदीत सांगितलं, सीट कॅन्सल कर दीजिए. फोन ठेवला आणि आबांना म्हणाले की बँकेचा फोन होता.

आबा "बरं" म्हणाले आणि गवारी मोडत राहिले.

त्या दिवसापासून त्यांनी नंबरचं विचारणं बंद केलं. माणूस थकला, आशा सोडली, असा मी अर्थ लावला आणि सुटल्यासारखं झालं. उलट ते माझ्याशी मऊ वागायला लागले. भाजी निवडून द्यायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे, त्याही वेड्यावाकड्या. तोवर मला नावाने हाक मारायचे, आता पोरी म्हणू लागले. भाजीत तेल जास्त झालं तर बोलायचे नाहीत. मला वाटलं, एकदाचे रुळले. ऑगस्टमध्ये गणपती बसवला तेव्हा दूर्वा कुठून आणायच्या हा प्रश्न नवऱ्याने सोडवला. कामावरून गवताची जुडी घेऊन आला. आबांनी एकेक काडी निवडून एकवीस वेगळ्या केल्या आणि देवाला वाहिल्या. या माणसाच्या हाताने देवाला हरळी, हे सासूबाईंनी बघायला हवं होतं.

सप्टेंबरात माझ्या हातून घोटाळा झाला. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नात्यातल्या कुणीतरी फोटो टाकला. गावाकडे जाताना गाडीतून काढलेला, खाली लिहिलं होतं, आबांचं रान. पाऊस चांगला झाला होता आणि फोटोत या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवंगार. मला इतका आनंद झाला की मी हातातलं काम टाकून आबांकडे धावले. त्यांना चष्मा दिला, फोटो मोठा करून दाखवला. बघा आबा, तुमचं रान कसं हिरवंगार झालंय.

नाशिकच्या शहाण्या बाईला हे ठाऊक नव्हतं, की भादव्यात ज्वारीचं रान हिरवं नसतं. पावसाळाभर त्याच्यात काही पेरत नाहीत. कुळवाच्या पाळ्या घालून घालून ते काळं ठेवायचं असतं, ओल धरायची असते आणि मग भादव्यात पेरायचं असतं. पेरणीच्या तोंडावर हिरवं दिसणारं रान म्हणजे ज्वारी काढल्यापासून कुणी पाऊल न टाकलेलं रान. दिरांनी उन्हाळ्यात नांगरट केलीच नव्हती. एक उन्हाळा आणि एक पावसाळा सोडला होता आणि चौदा उन्हाळ्यांत काढलेली हरळी बांधावरून आत आली होती.

आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मी अजून हसतच होते. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "भादव्यात रान काळं लागतं, पोरी." मला काहीच कळलं नाही. मी संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ त्याने बूट काढले नाहीत. मग त्याने भावाला फोन लावला, खूप ओरडला, आणि भाऊही तिकडून ओरडला, की तू तिथे गवताला पाणी घालत बसतोस, मी एकट्याने काय काय बघू. दोघांचंही खरं होतं.

आबांनी तीन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी मी स्वयंपाक करत असताना आत आले, ओट्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "आता मला सोड, पोरी. आता जायाला पायजे." मला तेव्हा एवढंच खटकलं की त्यांनी मुलाला नाही, मला विचारलं. मी म्हणाले, हो आबा, पाठवते.

एव्हाना रोजची विमानं काही प्रमाणात सुरू झाली होती. तिकीट मिळत होतं, फक्त त्यांच्याबरोबर जायला कुणीतरी हवं होतं. मी मुलीला एकटी टाकून जाऊ शकत नव्हते आणि नवऱ्याला ऑक्टोबरात रजा नव्हती, कारण थंडी सुरू व्हायच्या आत त्या गवतावर दुसरं थंडीचं गवत पेरायचं असतं. वर्षातलं सगळ्यात नाजूक काम. हे त्याने आबांना सांगितलं. आबांनी मान हलवली आणि म्हणाले की पेरणी सोडून माणूस येत नसतो, होऊ दे तुझी पेरणी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली दोन तिकिटं काढली. आबांनी बॅग लगेच भरली आणि दिवाणाखाली ठेवली.

ऑक्टोबरात एका सकाळी ते चहा घेऊन मागच्या दारी बसले होते. मी पोळ्या करत होते. कप पडल्याचा आवाज आला. अॅम्ब्युलन्स लवकर आली, डॉक्टरही बरे होते, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हृदय थांबलं होतं.

जूनमध्ये त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली असती. ऑक्टोबरात ते लाकडी पेटीतून सामानाच्या विमानाने गेले. कागदपत्रं व्हायला चार दिवस लागले. पेरणी अर्धी सोडून नवरा गेला; रजा मिळाली, मयताला मिळते. आमच्याकडे जमिनीवाल्या माणसाला स्वतःच्याच रानात अग्नी देतात. सासूबाईंना दिला होता तिथेच, शेजारी. मी ते फोनवर पाहिलं. सरण रचायला जागा हवी म्हणून दिरांनी आदल्या दिवशी ट्रॅक्टर लावून तेवढा तुकडा नांगरून घेतला होता. बाकी सगळं हिरवं, त्यात तेवढं काळं.

तेराव्यानंतर नणंदेचा फोन आला. ती लातूरकडे दिली आहे, आबांची सगळ्यात लाडकी. कोरोनामुळे तिलाही बापाचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. खूप रडली. मग म्हणाली की वहिनी, तुमचे पांग कसे फेडू. मी म्हणाले, मी काय केलं. तर ती सांगू लागली. जूनमध्ये आबांचा तिला फोन आला होता. माझ्या मुलीच्या टॅबवरून लावून घेतला होता, मी बाहेर सामान आणायला गेले असताना.

"म्हणले, नंबर लागला होता माझा. सुनेनं परस्पर कॅन्सल केला, मला कळलं न्हाई असं तिला वाटतंय. म्या म्हणलं, आबा, मी बोलते वहिनीशी. तर म्हणले, न्हाई न्हाई, बोलू नगंस. सोडत न्हाई ती मला. तुझी आई गेल्यापासून कुणी ऱ्हावा म्हणलं नव्हतं. आता तिचं मन मोडून कसं जाऊ?"

मी फोन कानाशी धरून उभी होते. ते दहा महिने मी त्यांच्याशी कशी वागले, ते जावेत म्हणून मी मनातून किती उतावीळ झाले होते, हे सगळं त्या क्षणी माझ्या तोंडाशी आलं होतं. नणंद विचारत होती की वहिनी, खरंच तुम्हाला करमलं नसतं का हो त्यांच्याशिवाय.

मी हो म्हणाले.